नव्या चाचणीआधी जुन्या चाचणीचा हिशेब द्यावा : मधुमेह संशोधकांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यात मधुमेहावरील औषधांच्या चाचण्या करणारे संशोधक डॉक्टर, त्या चाचण्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सदस्य यांस,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मला एक फोन आला. बोलणारी मुलगी नम्र होती. माझे नाव, माझे वय आणि मला मधुमेह होऊन किती वर्षे झाली हे सारे तिच्यासमोर लिहिलेले असावे. "बाई, नवीन स्टडी सुरू होतोय. मागच्या वेळी तुम्ही गावातून चार जणी आणल्या होत्या, तशा या वेळी आठ-दहा मिळतील का?" असे तिने विचारले. विचार करून सांगते, असे म्हणून मी फोन ठेवला. तो विचार या पत्रात लिहिला आहे. तो तिला न कळवता तुम्हाला, आणि तोही चारचौघांसमोर, कळवते आहे, कारण पुढे जे मी मागणार आहे त्यातले काहीही त्या मुलीच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना मी यापूर्वी दोनदा रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली असून त्यांच्या पोचपावत्यांखेरीज माझ्याकडे काहीही परत आलेले नाही.

मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाले. गावातील निम्म्या घरांत माझे विद्यार्थी आहेत, त्यामुळे कोणताही सरकारी कागद आला की तो वाचून घेण्यासाठी लोक माझ्याकडे येतात आणि मी जे सांगेन त्यावर विश्वास ठेवतात. या पत्राचे मूळ त्या विश्वासात आहे. तुमच्या चाचणीत मी एकटी गेले असते आणि एकटी परत आले असते, तर झाले ते झाले म्हणून गप्प बसले असते. पण माझ्या शब्दावर आणखी चार बायका आल्या, आणि गेले वर्ष-दीड वर्ष त्या मला बोरिंगवर, दळपाच्या गिरणीत, हळदीकुंकवात गाठून एकच गोष्ट विचारतात : "बाई, आपल्याला दोन वर्षं काय खायला घातलं हो त्यांनी?" मला उत्तर देता येत नाही.

आधी घडले ते सांगते. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, बेदाण्याच्या शेडवर काम जोरात असताना, आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात मोफत मधुमेह तपासणी शिबिर झाले. बोट टोचून सव्वाशेच्या आसपास माणसांची साखर पाहिली गेली. ते शिबिर केवळ तपासणीचे नव्हते, चाचणीसाठी रुग्ण शोधण्याचेही होते, हे आम्हाला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. आठवड्याभराने काही जणांना शहरातील रुग्णालयातून बोलावणे आले. तेथे रक्त, लघवी, हृदयाचा आलेख असे सगळे तपासून शेवटी आमच्या गावच्या पाच जणी चाचणीत घेतल्या गेल्या. मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची आमची नेहमीची गोळी, चालूच ठेवायची आणि त्यावर रोज आणखी एक गोळी घ्यायची, अशी योजना होती. ती गोळी कोणाची खरी असेल आणि कोणाची नुसती दिसायला तशी असेल, ते आम्हालाही कळणार नव्हते आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. १०४ आठवडे आम्ही एसटीने येत-जात राहिलो. नंतर एका व्हिजिटला उरलेल्या गोळ्यांची बाटली, साखर मोजण्याचे यंत्र आणि शिल्लक स्ट्रिपा परत घेतल्या गेल्या, शेवटची सही झाली, आणि "आता तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा" असे सांगण्यात आले.

मी संशोधनाच्या विरोधात नाही, हे येथेच स्पष्ट करते, कारण अशा पत्रांना "गैरसमजातून आलेले" असा शेरा मारून बाजूला ठेवण्याची पद्धत असते. खोटी गोळी का लागते, हे मला समजते. गोळी घेतली या नुसत्या भावनेने आणि डॉक्टरांच्या वारंवार तपासणीनेही साखर थोडी उतरते, म्हणून खऱ्या गोळीचा गुण वेगळा काढायचा तर शेजारी तुलनेचा गट हवाच. साखर ठरलेल्या मर्यादेपुढे गेली तर वेगळे औषध सुरू करण्याची तरतूद आमच्या चाचणीत होती, हेही मान्य करते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या चालण्याने आणि खाण्यातल्या बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी घटले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. आमच्या आरोग्य उपकेंद्रात जो सल्ला आज दिला जातो, त्याला अशा ५३१ माणसांच्या रक्ताचा आधार आहे. कोणीतरी हात पुढे केल्याशिवाय हे कळणार नव्हते. म्हणूनच मी हात पुढे केला आणि चार जणींना करायला लावला.

आता तक्रारी.

सर्वांत आधी संमतीपत्र. ते २० पानांहून अधिक होते आणि मराठीत होते असे म्हणायचे, कारण लिपी देवनागरी होती. मी आयुष्यभर मराठी शिकवली, तरी त्यातील काही वाक्ये मला तीनदा वाचावी लागली. "सहभागींना यादृच्छिकपणे नियुक्त करण्यात येईल" म्हणजे चिठ्ठी टाकून गट ठरवला जाईल, हे मी माझ्या अंदाजाने सांगितले. "दुहेरी अंध अभ्यास" हे शब्द मी मोठ्याने वाचले तेव्हा शेजारच्या आक्का उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळं जात्यात का काय, बाई? मग मला न्हाई जमायचं." आम्ही तेव्हा हसलो. नंतर विचार केला तेव्हा हसू आले नाही. साखरेने डोळे जातात हे गावात सर्वांना ठाऊक आहे, आणि साखरेच्या औषधाच्या कागदावर "दुहेरी अंध" लिहिलेले असताना त्या बाईने दुसरा काय अर्थ घ्यायचा होता? कोणाची गोळी खरी ते घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही ठाऊक नसणे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. तिची शंका दूर करण्याचे काम तुमचे होते. ते मी केले. कागद घरी नेऊन वाचू का, असे विचारल्यावर "आज सही झाली तर आजच रक्त घेता येईल, नाहीतर पुन्हा यावे लागेल" असे उत्तर मिळाले. कोणी जबरदस्ती केली नाही. पण द्राक्षबागेतला एक दिवसाचा रोजगार बुडवून, दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला हे वाक्य कसे ऐकू येते, ते तुम्ही ओळखू शकता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि तिच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. शिबिरात ज्यांची साखर जास्त निघाली त्या सर्वांना चाचणीत घेतले गेले नाही. घेता येणार नव्हते, कारण प्रत्येक चाचणीला निकष असतात. वय इतके, वजन इतके, मूत्रपिंडाचे काम इतके चांगले, तीन महिन्यांची सरासरी साखर या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. आमच्या गल्लीतील एक तात्या शहरात नेले गेले, त्यांचे रक्त घेतले गेले, आणि दोन दिवसांनी त्यांना फोनवर सांगितले गेले की तुम्ही बसत नाही. कोऑर्डिनेटरच्या तोंडचा शब्द "स्क्रीन फेल" असा होता. तात्यांनी मला येऊन सांगितले, "बाई, मी नापास झालो." आणि त्यांना हायसे वाटले होते. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की आजार फार नाही, म्हणून घेतले नाही. खरे कारण उलट होते. त्यांची साखर तुमच्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे होती. शिबिरात बोटाच्या रक्तात ४१२ आली होती, हे त्यांच्या चिठ्ठीवर होते. चिठ्ठी इंग्रजीत होती. शहरात काढलेल्या रक्ताचा आकडा त्यांना कधीच कळवला गेला नाही. सात महिन्यांनी त्यांच्या पायात काटा मोडला, तो त्यांना जाणवला नाही, कारण साखर खूप दिवस चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. जखम चिघळली तेव्हा वासाने घरच्यांना कळले. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

तात्यांची बोटे तुमच्यामुळे गेली, असे मी म्हणत नाही. त्यांनी स्वतःहून डॉक्टरांकडे जायला हवे होते, तंबाखू सोडायला हवी होती, अनवाणी फिरायला नको होते. पण ज्या दिवशी तुम्ही त्यांचे रक्त काढले त्या दिवशी त्यांच्याबद्दल सर्वांत अधिक माहिती असलेली माणसे तुम्ही होतात, आणि तुम्ही त्यांना एका शब्दात घरी पाठवलेत. आमच्या शाळेत नापास मुलाच्याही हातात गुणपत्रिका देण्याची पद्धत आहे. कोणत्या विषयात किती कमी पडले ते त्याला कळते, पालकांना बोलावून सांगितले जाते, पुन्हा परीक्षा असते. तपासणी शिबिराच्या फलकावर "मोफत तपासणी" लिहायचे आणि तपासणीचा निकाल मात्र ज्यांचा तुम्हाला उपयोग आहे त्यांच्याचपुरता वापरायचा, हे मला मान्य नाही.

निकषांवरून आणखी एक सांगावेसे वाटते. नव्या चाचणीचे जे पत्रक व्हॉट्सॲपवर फिरते आहे त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २५ किंवा त्याहून अधिक हवा, असे लिहिले आहे. माझे वजन ४८ किलो आहे. आमच्या गावातील बागेत राबणाऱ्या बहुतेक मधुमेही बायका माझ्यासारख्याच काटकुळ्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय बाळे दिसायला किरकोळ पण अंगात चरबी अधिक अशी जन्मतात, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासांतून जगासमोर मांडले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र आले होते. दोघांचा बीएमआय तोच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या जिल्ह्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर हे समजलेले असताना, आमच्यासारख्या बारीक माणसांना वगळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष नंतर आमच्यावरच लागू होणार असतील, तर आम्हाला वगळण्याचे कारण तरी नैतिकता समितीने विचारले होते का? वजन उतरवणारे औषध असेल तर बारीक माणसाला ते देणे धोक्याचे ठरेल, असे कारण असू शकते आणि ते मला पटेलही. पण ते पत्रकात नाही.

तिसरी तक्रार आमच्याच आकड्यांविषयी आहे. दोन वर्षे आमचे रक्त दूरच्या प्रयोगशाळेत जात होते आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा आम्हाला दाखवला जात नव्हता. तो कळला तर गोळी खरी की खोटी याचा अंदाज येईल, हे कारण चाचणी चालू असेपर्यंत बरोबर आहे. चाचणी संपल्यावर ते कारण उरले नाही, तरी आकडे आलेच नाहीत. मला कोणती गोळी मिळत होती, हेही आजतागायत कळलेले नाही. याचा परिणाम काय झाला तो सांगते. चाचणी चालू असताना माझी उपाशीपोटीची साखर घरच्या यंत्रावर ११५ ते १२५ च्या दरम्यान असे. चाचणी संपल्यावर चार महिन्यांत ती १९० वर गेली. म्हणजे बहुधा माझी गोळी खरी असावी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारले, कोणते औषध चालू होते? मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले तसे मी एकेकाळी पाटी न आणलेल्या पोराकडे पाहत असे. त्यांनी अंदाजाने दुसरी गोळी सुरू केली, तिने पहाटे साखर एकदम खाली आली, घाम फुटून हातपाय थरथरले, आणि नातवाने गूळ भरवला म्हणून निभावले. आक्कांचे उलट झाले. त्यांची साखर चाचणीत होती तशीच नंतरही राहिली, म्हणजे त्यांना कदाचित खोटी गोळी होती. दोन वर्षे त्या रोज प्रामाणिकपणे खोटी गोळी घेऊन सगळ्या व्हिजिट पाळत आल्या असतील, तर निदान तेवढे तरी त्यांना सांगावे. त्या रागावणार नाहीत. त्यांनी मला सांगितले आहे, "खोटी असली तरी असू दे, पर कळू दे."

औषध बंद होण्याविषयी कायदा काय सांगतो, ते मी माझ्या एका वकील झालेल्या विद्यार्थ्याकडून समजून घेतले. नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांविषयीचे २०१९ चे नियम १९ मार्च २०१९ ला अधिसूचित झाले. त्यातील २७ व्या नियमानुसार चाचणी संपल्यावरही सहभागी व्यक्तीला ते औषध कंपनीने विनामूल्य द्यावे, अशी शिफारस संशोधक डॉक्टर करू शकतात आणि नैतिकता समिती तिला मान्यता देऊ शकते. मात्र त्याला अट आहे, की त्या आजारावर दुसरा पर्यायी उपचार उपलब्ध नसावा. मधुमेहावर औषधे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही या नियमात बसत नाही. येथेही आम्ही स्क्रीन फेल. तेव्हा कायद्याने तुम्ही आम्हाला गोळी देणे लागत नाही, हे मी समजून घेऊनच लिहिते आहे.

परंतु कायद्याने लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असे तुमचे स्वतःचे शास्त्रही म्हणत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा, आणि त्याची ताजी सुधारणा ऑक्टोबर २०२४ ची. चाचणीत जे औषध गुणकारी आणि पुरेसे सुरक्षित ठरेल ते ज्यांना नंतरही लागणार आहे त्यांची व्यवस्था चाचणी सुरू होण्याआधीच करून ठेवावी, त्याला अपवाद करायचा तर नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी, आणि या व्यवस्थेची माहिती संमतीपत्रातच द्यावी, असे त्यात म्हटले आहे. ती व्यवस्था कंपनीनेच करावी असेही नाही. सरकारी आरोग्यव्यवस्थेमार्फत केली तरी चालेल. आमच्या संमतीपत्रात या विषयावर एकच ओळ होती : अभ्यास संपल्यानंतर औषध उपलब्ध होणार नाही. जाहीरनाम्यात अपवाद म्हणून सांगितलेली गोष्ट आमच्याकडे नेहमीची रीत झाली आहे.

औषधाच्या किमतीचा प्रश्न तुम्ही बाजारावर सोडता, आणि बाजाराला वेळ लागतो. एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णांचे हृदयाच्या आजाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी करते, असे ७,०२० रुग्णांवरील चाचणीतून २०१५ साली दिसले. भारतात त्याचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, तेव्हा अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या दुकानात आल्या. मधली १० वर्षे ते औषध आमच्या गावातील मेडिकलच्या फळीवर असूनही आमच्यासाठी नसल्यातच जमा होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या जुन्या गोळ्या मिळतात, साठा असेल तेव्हा. जी गोळी दोन वर्षे हातात ठेवली ती एका दिवसात काढून घेणे, आणि जी कधी दिलीच नाही ती न मिळणे, यात फरक आहे.

यावर तुम्ही म्हणाल की चाचणी संपल्यावर सहभागींकडे लक्ष ठेवायला पैसा कोठून आणायचा. मी तुम्हाला तुमच्याच क्षेत्रातील दोन मोठ्या अभ्यासांची आठवण करून देते. अमेरिका आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर १९८३ पासून जो अभ्यास झाला, तो साखर काटेकोर ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे स्पष्ट झाल्यावर १९९३ मध्ये ठरल्या मुदतीच्या आधी थांबवला गेला, आणि ज्या गटाला तो काटेकोर उपचार मिळाला नव्हता त्यालाही तो शिकवण्यात आला. त्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुढच्या पाठपुराव्यात राहिले. ब्रिटनमधील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा अभ्यास ५,१०२ रुग्णांचा. तो १९९७ मध्ये संपला, पण संशोधकांनी रुग्णांवर आणखी १० वर्षे नजर ठेवली. चाचणी संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती, तरीही सुरुवातीला साखर आटोक्यात ठेवलेल्या गटाला पुढे अनेक वर्षे फायदा होत राहिला, हे त्यातून २००८ साली दिसले. आज डॉक्टर "सुरुवातीलाच साखर आटोक्यात आणा" असा जो आग्रह धरतात त्यामागे हा शोध आहे, आणि तो शेवटच्या सहीनंतर रुग्णांची वही मिटली नाही म्हणून लागला. तुमच्याकडे आमच्या पाच जणींचे फोन नंबर आहेत. नव्या चाचणीसाठी ते बरोबर सापडतात.

परिस्थिती अशी नाही की हा आजार दोन-चार घरांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत, जिचे देशभराचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज निघाला. इतक्या माणसांच्या देशात चाचण्या होतच राहतील आणि त्या व्हाव्यात. मिरजेत तर शंभर वर्षांहून अधिक काळ कर्नाटकापर्यंतचे रुग्ण उपचाराला येत आहेत. डॉक्टरांवर विश्वास टाकण्याची या भागाला जुनी सवय आहे, आणि चाचण्यांना आमच्याकडे माणसे चटकन मिळतात त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मागील चाचणीतील आम्हा पाच जणींना प्रत्येकी एक कागद द्यावा. त्यात खरी गोळी होती की खोटी, औषधाचे नाव व प्रकार, आणि दोन वर्षांतील आमचे सर्व एचबीए१सीचे व मूत्रपिंडाचे आकडे असावेत. सर्व केंद्रांवरील काम पूर्ण झाल्याशिवाय गट उघड करता येत नसतील, तर ते कोणत्या महिन्यात होतील तो महिना लिहून द्यावा. चाचणीचा एकूण निकाल, तो औषधाच्या बाजूने असो वा विरुद्ध, मराठीत एका पानावर लिहून गावात वाचून दाखवावा.

२०२२ च्या शिबिरात साखर जास्त निघूनही चाचणीत न घेतलेल्या प्रत्येकाला त्याचा आकडा मराठीत कळवावा आणि अशा सर्वांची यादी, त्यांची परवानगी घेऊन, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील माणसांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघरी फॉर्म भरतातच. तुमच्याकडे असलेली माहिती त्यांच्यापर्यंत पोचली असती, तर त्यांचे निम्मे काम झाले असते. यापुढे चाचणीसाठी रुग्ण शोधायला शिबिर घ्यायचे तर फलकावर तसे मोठ्या अक्षरांत लिहावे.

नव्या चाचणीचे संमतीपत्र मंजूर करण्याआधी ते नैतिकता समितीने या जिल्ह्यातील सातवी शिकलेल्या तीन-चार माणसांकडून वाचून घ्यावे आणि त्यांना काय समजले ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती असावी, असा नियमच आहे. ती व्यक्ती कधीतरी आमच्यासारख्या गावातली, स्वतः मधुमेह असलेली असायला काय हरकत आहे? संमतीपत्र घरी नेऊन घरच्यांना दाखवायला किमान दोन दिवस मिळावेत, आणि परत सहीला येण्याचे एसटीचे भाडे व बुडालेला रोजगार द्यावा.

चाचणी संपल्यावर कोणते औषध, कोणाकडून, किती दिवस मिळेल हे आधीच लिहून द्यावे. तीच गोळी देता येत नसेल, तर तिच्याशी मिळतेजुळते औषध कोणते, ते सरकारी दवाखान्यात मिळते का, आणि बदल करताना पहिले तीन महिने साखर कोण पाहणार, एवढे तरी त्या कागदावर असावे. साखर मोजण्याचे यंत्र परत मागू नये. त्या यंत्रापेक्षा स्ट्रिपाच महाग असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तीन महिन्यांच्या स्ट्रिपाही द्याव्यात.

फोन करणाऱ्या मुलीला माझे उत्तर कळवावे : मी माणसे गोळा करणार नाही, आणि कोणाला जाऊ नका असेही सांगणार नाही. जो विचारील त्याला हे पत्र वाचायला देईन. वर मागितलेले कागद घेऊन तुम्ही गावात आलात, तर सभागृह उघडून देण्याची आणि लोकांना बोलावण्याची जबाबदारी मी घेते. आम्हा पाच जणींपैकी एक आता मुलीकडे इचलकरंजीला राहते, तिचा कागद तिच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवावा. पत्ता तुमच्या नोंदीत नसेल तर मी तिला विचारून देईन. तात्यांना सभागृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्या घरी जावे लागेल. दिवस तुम्ही ठरवावा. फक्त शेडवरचे काम सकाळी आठला सुरू होते आणि बायका सहाच्या आत घरी येत नाहीत, तेव्हा संध्याकाळी सातची वेळ ठेवावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि आपल्या चाचणीतील सहभागी
तालुका तासगाव, जिल्हा सांगली